अग्निसुरक्षेच्या नियमात बदल सुचवायचा असेल तर

आमच्या सात मजली इमारतीच्या जिन्याखाली मीटर रूम आहे. पावसाळ्यातल्या एका दुपारी तिथल्या एका केबलने पेट घेतला. ज्वाळा फारशा नव्हत्या. पण मीटर रूमच्या दाराशी रचलेली पुठ्ठ्याची खोकी, मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि गणपतीच्या मंडपाच्या कापडाचे गठ्ठे धुमसायला लागले आणि पाच मिनिटांत काळा धूर जिन्याने वर चढला. चौथ्या मजल्यावर जिन्याचा कठडा माझ्या हाताला लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात अडकल्या होत्या. दोघांनी त्यांना उचलून पुन्हा घरात नेलं आणि दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. कुणाला इजा झाली नाही. वॉचमनने होजपाइप ओढला तेव्हा कळलं की त्याला पुढे नोझलच नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसातलं कपाट उघडलं. आत त्याच महिन्याचा ‘फॉर्म बी’ होता. आग विझवायची सगळी यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं त्यावर सही-शिक्क्यानिशी लिहिलेलं होतं. हा कागद असतो हेच आमच्यापैकी बहुतेकांना माहीत नव्हतं.

त्या रात्री मी दोन पानी पत्र लिहिलं. ‘नियम कडक करा, दोषींवर कारवाई करा, नागरिकांच्या जिवाशी खेळ थांबवा.’ एकूण एक शब्द मनापासून होता. त्याचं काही झालं नाही. पुढे काही महिन्यांनी एका सुनावणीत एका अधिकाऱ्यांनी मला शांतपणे विचारलं, “तुम्हाला नेमका कोणत्या तरतुदीत बदल हवा आहे? तिथे काय लिहायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम बदलण्याची मागणी करणं वेगळं आणि बदल सुचवणं वेगळं, हे मला त्या प्रश्नाने शिकवलं. आज ज्या जागी जे वाक्य आहे, त्या जागी उद्या कोणतं वाक्य हवं ते तुम्ही स्वतः लिहून दिलं, की मागणीची सूचना होते. ते वाक्य कसं लिहायचं आणि कुठे न्यायचं, ते पुढे सांगतो.

आधी ठरवा: नियम नाही, की नियम पाळला जात नाही?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग वर्ष फुकट जातं. आमच्याच घटनेचं बघा. जिन्याच्या वाटेत सामान ठेवू नये हा नियम आहेच. होजला नोझल असलं पाहिजे हाही आहेच. या दोन्ही गोष्टींसाठी नियमात बदल सुचवणं चूक ठरलं असतं, कारण पहिलंच उत्तर येतं, ‘अशी तरतूद अस्तित्वात आहे.’ त्यासाठी तक्रार करायची, तीही फोटो आणि तारखेसह, मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडे. मालकाला किंवा वापरकर्त्याला नोटीस देण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलेला आहे.

तिसरी गोष्ट वेगळी होती. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याच्या कलम ३ प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा वापरकर्त्याने परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन अधिकाऱ्यांना द्यायचं असतं. तोच हा फॉर्म बी. या तरतुदीचा सगळा रोख सोसायटी, एजन्सी आणि अधिकारी यांच्यावर आहे. त्या इमारतीत झोपणारा माणूस त्यात कुठेच नाही. इथे मला नियमातली खरी फट दिसली.

तुमच्या डोक्यात जो बदल असेल त्याला ही चाळणी लावून बघा. दहातल्या सात-आठ गोष्टी अंमलबजावणीच्या निघतील. उरलेल्या दोन-तीन घेऊन पुढे जा. आणि खरं सांगायचं तर त्यातलीही एकच निवडा. एका अर्जात पाच बदल घातले, तर सगळ्यात अवघड बदलामुळे उरलेले चारही अडकून पडतात.

नियम राहतो कुठे

आपण सरसकट ‘फायरचे नियम’ म्हणतो, पण ते एका पुस्तकात नाहीत. तुमचा मुद्दा कोणाच्या हातात आहे हे कळल्याशिवाय अर्जावर ‘प्रति’ पुढे काय लिहायचं तेच कळत नाही.

सगळ्यात वर नॅशनल बिल्डिंग कोड आहे. भारतीय मानक ब्युरोने तो पहिल्यांदा १९७० मध्ये काढला. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्याचा भाग ४ आग आणि जीवितसुरक्षेचा आहे: जिना किती रुंद, बाहेर पडायची वाट किती लांब, कोणत्या उंचीला स्प्रिंकलर, धूर कसा काढायचा. १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतीला हा कोड उंच इमारत मानतो. पण कोड हे मानक आहे, कायदा नाही. राज्य आपल्या कायद्यात किंवा बांधकाम नियमावलीत तो उचलून घेतं, तेव्हा त्याला दात येतात.

मग राज्याचा कायदा. वर सांगितलेला २००६ चा अधिनियम आणि त्याखालचे २००९ चे नियम. हा विषय मंत्रालयात नगरविकास विभागाकडे आहे आणि तांत्रिक बाजू महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय बघतं.

तिसरी जागा म्हणजे बांधकामाची नियमावली. मुंबईसाठी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४, आणि राज्याच्या बहुतेक उरलेल्या भागासाठी २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे वास्तुविशारद ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. जिना, रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबायची उंच इमारतीतली मोकळी जागा), इमारतीभोवती बंब फिरायला मोकळी जागा, गच्चीचा वापर, वाहनतळ हे सगळं इथे ठरतं. इमारत उभी राहण्याआधीच सुरक्षितता जिथे ठरते ती हीच जागा, म्हणून हिच्यातला एक शब्द बदलला तरी पुढच्या पन्नास वर्षांच्या इमारती बदलतात.

चौथी जागा तुमची महानगरपालिका किंवा नगरपरिषद. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा स्थानिक संस्थांचा विषय म्हणून दिलेला आहे. पालिकेची परिपत्रकं, परवान्यांच्या अटी, मंडप आणि फटाक्यांच्या स्टॉलच्या अटी इथल्या. काही वेळा मोठ्या कायद्याला हात न लावता परवान्याच्या छापील अटींत एक ओळ वाढवून काम होतं. हा रस्ता लोकांच्या सहसा लक्षात येत नाही, पण तो सगळ्यात जवळचा आहे.

याबाहेरचेही काही मालक आहेत. विजेच्या जोडणीची सुरक्षितता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांत आहे. गॅस आणि पेट्रोलच्या साठ्याचं बघणारी ‘पेसो’ ही केंद्राची संघटना, तिचं मुख्यालय नागपुरात. कारखान्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. गोव्यात बांधकामासाठी २०१० चे गोवा भूविकास व इमारत बांधकाम विनियम आहेत आणि अग्निशमन व आपत्कालीन सेवांचं स्वतंत्र संचालनालय आहे. तिथल्या वाचकांनी पुढच्या पायऱ्या तशाच धरून फक्त कार्यालयांची नावं बदलावीत.

आमच्या मीटर रूमचं एकटीचं प्रकरण यातल्या तीन ठिकाणी जात होतं. केबल विजेच्या विनियमात, मीटर रूमची जागा बांधकाम नियमावलीत, प्रमाणपत्र २००६ च्या कायद्यात. म्हणूनच एक बदल, एक कागद, एक पत्ता असं धरून चाला.

मूळ मजकूर मिळवा, वर्तमानपत्रातली बातमी नव्हे

कायदा आणि नियम शासनाच्या संकेतस्थळांवर मिळतात, पण दुरुस्त्या लागलेली ताजी प्रत आहे का ते बघा. मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की भारतीय मानकं मोफत उतरवून घेता येतात. ज्या कलमावर बोलायचं आहे ते छापून घ्या आणि दोनदा वाचा. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतला फरक इथे जिवाइतका महत्त्वाचा असतो: पहिल्यात सक्ती आहे, दुसऱ्यात मर्जी.

मग पुरावा. त्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तर द्यायची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. यात ‘का केलं नाही’ असं विचारू नका. मतं नाही, नोंदी मागा. मी असं लिहिलं होतं: ‘अमुक प्रभागात मागील दोन वर्षांत जानेवारी व जुलै महिन्यांत किती इमारतींनी कलम ३ अन्वये प्रमाणपत्रे सादर केली, त्यांची महिनावार संख्या; तसेच प्रमाणपत्र सादर न केल्याबद्दल किती इमारतींना नोटीस देण्यात आली, त्यांची संख्या.’ दोन आकडे, बस. मुदतीत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्यानंतरच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा. हे आकडे हातात असले की तुमची सूचना एका माणसाच्या अनुभवापुरती राहत नाही.

आगींच्या घटनाही पुरावा म्हणून द्या, पण मोजक्या आणि मुद्द्याला चिकटून. गच्चीवरच्या हॉटेलांबद्दल बोलत असाल तर कमला मिल, २९ डिसेंबर २०१७, १४ मृत्यू. रुग्णालयातल्या नवजात कक्षाबद्दल बोलत असाल तर भंडारा, ९ जानेवारी २०२१, १० बाळं. तळमजल्यावरच्या वाहनतळातून जिन्यात चढणाऱ्या धुराबद्दल असेल, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पहाटे लागलेली आग. यांतली जी घटना तुमच्या कलमाशी जुळते तीच घ्या. मेलेल्यांची यादी देऊन अधिकाऱ्याला हलवायचा प्रयत्न करू नका. त्या माणसांचा तो मान नाही, आणि कागदही त्याने जड होतो.

आता वाक्य लिहा

हा सगळ्या कामाचा गाभा. मी शेवटी जो कागद केला तो एका पानाचा होता, त्यात पाच भाग होते. सध्याची तरतूद जशीच्या तशी, कलम क्रमांकासह. तिच्यामुळे काय घडतं ते तीन ओळींत. प्रस्तावित मजकूर. खर्च आणि अंमलबजावणी. आणि असाच नियम दुसरीकडे कुठे चालू आहे त्याचा दाखला.

प्रस्तावित मजकूर असा होता:

‘कलम ३ अन्वये जानेवारी व जुलै महिन्यांत सादर केलेल्या प्रमाणपत्राची प्रत, ते सादर केल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, इमारतीच्या प्रत्येक मुख्य प्रवेशद्वाराजवळ सहज वाचता येईल अशा जागी मराठीतील सारांशासह लावण्यात येईल, व पुढील प्रमाणपत्र सादर होईपर्यंत ती तेथे ठेवण्यात येईल. सारांशात तपासणीचा दिनांक, तपासलेल्या यंत्रणांची नावे, आढळलेले दोष व प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सीचा परवाना क्रमांक यांचा समावेश असेल.’

पहिल्या खर्ड्यात मी ‘योग्य जागी’ आणि ‘लवकरात लवकर’ लिहिलं होतं. ओळखीच्या एका वकीलबाईंनी दोन्हीवर पेन्सिलने काट मारली. योग्य म्हणजे कोणाच्या मते? लवकर म्हणजे किती? जे मोजता येत नाही ते तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्याची नोटीस निघत नाही. त्यांनीच आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली: नियमाला कायद्याच्या पलीकडे जाता येत नाही. २००९ च्या नियमांत ओळ वाढवायची, तर तसा नियम करण्याचा अधिकार मूळ कायद्यात असला पाहिजे. नसेल तर कायद्यात दुरुस्ती हवी, आणि तिचा रस्ता विधिमंडळातून जातो. तुमची खात्री नसेल तर अर्जात दोन्ही लिहा: ‘नियमात, अथवा आवश्यक असल्यास अधिनियमात.’

खर्चाचा भाग टाळू नका. माझ्या सूचनेचा खर्च एका इमारतीला वर्षाला दोन झेरॉक्स आणि एक प्लास्टिकचं पाकीट एवढाच होता, आणि पालिकेला एकही नवीन माणूस लागत नव्हता. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ती प्रत दारातच दिसणार होती. दाखलाही सोपा होता: हॉटेलात अन्न परवाना दर्शनी भागात लावावा लागतो, मग ज्या इमारतीत शंभर माणसं झोपतात तिथे हा कागद का नको?

तुमची सूचना महाग असेल तर ते प्रामाणिकपणे लिहा, आणि पैसे कोण देणार तेही लिहा. नव्या इमारतींना नियम लावणं सोपं असतं. खरा पेच जुन्यांचा आहे. पुण्यातला लाकडी जिन्याचा वाडा, गिरणगावातली सामायिक व्हरांड्याची चाळ, तीस वर्षांपूर्वीची बिनलिफ्टची इमारत: इथे दुसरा जिना बांधायला जागाच नसते, आणि भाडेकरू व मालक यांच्यात खर्चाचा वाद वेगळाच. ‘सर्व इमारतींना लागू’ असं एका ओळीत लिहून टाकलं की अशा घरांतली माणसं आपोआप बेकायदा ठरतात, आणि नियम कागदावरच राहतो. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या इमारतींसाठी वेगळी, स्वस्त आणि टप्प्याटप्प्याची तरतूद सुचवा. प्रत्येक मजल्यावर धूर ओळखणारा भोंगा, वायरिंगची ठरावीक मुदतीत तपासणी, व्हरांडा मोकळा ठेवण्याची सक्ती, आणि या प्रत्येकाला वेगळी मुदत. जे पाळता येईल तेच माणसं वाचवतं.

कागद दाखल करा आणि पोच घ्या

मराठीत लिहा. राज्याचा कारभार मराठीत चालतो, आणि कायद्याचा मराठी मजकूर वापरलात तर तुमच्या वाक्याची तुलना करणं अधिकाऱ्यालाही सोपं जातं. माझा कागद नगरविकास विभागाच्या सचिवांना आणि प्रत माहितीसाठी अग्निशमन सेवा संचालकांना व आमच्या पालिकेच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना असा गेला. हाताने दिलात तर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. टपालाने पाठवलात तर स्पीड पोस्टची पावती जपा. पुढच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ हाच क्रमांक असतो.

सह्यांबद्दल एक गोष्ट अनुभवाने सांगतो. एकच छापील पत्र दोनशे जणांनी पाठवलं तर ते दोनशे वेळा वाचलं जात नाही. त्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या इमारतीतलं वेगळं निरीक्षण लिहावं: एकाने शाळेच्या बसच्या जागेत लागणाऱ्या गाड्यांचं, एकाने कोचिंग क्लासच्या अरुंद जिन्याचं माप, एकाने चाकाच्या खुर्चीवरच्या वडिलांना खाली कसं आणणार हा प्रश्न. शेवटी प्रस्तावित वाक्य मात्र सगळ्यांचं तेच हवं. निवृत्त अग्निशमन अधिकारी, वास्तुविशारद किंवा विद्युत ठेकेदार यांच्यापैकी एकाची सही मिळाली तर कागदाला वजन येतं.

मसुदा निघाला की घड्याळ सुरू होतं

बऱ्याचदा तुमच्या अर्जाची वाट न बघता शासन स्वतःच बदल काढतं. त्या वेळी तुमचा शब्द सगळ्यात जास्त मोलाचा असतो, आणि वेळ सगळ्यात कमी.

बांधकाम नियमावलीत फेरबदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याचं कलम ३७ लागतं. पालिका, किंवा कलम ३७ (१कक) खाली शासन स्वतः, राजपत्रात सूचना काढून हरकती आणि सूचना मागवतं. मुदत एक महिना. ती सूचना ‘कोणत्याही व्यक्तीला’ खुली असते. तुमची तिथे जागा असायची गरज नाही. शासनाने काढलेल्या सूचनेत हरकती कुठे द्यायच्या त्या कार्यालयाचं नाव असतं, बहुधा विभागाचे नगररचना सहसंचालक. काही वेळा कलम १५४ खाली शासन निर्देश देऊन बदल लगेच लागू करतं आणि हरकती नंतर ऐकल्या जातात. तेव्हा ‘लागू तर झालाच आहे’ म्हणून गप्प बसू नका, अंतिम मंजुरी बाकी असते.

कायद्याखालचे नियम बदलायचे असतील आणि मूळ कायद्यात ‘पूर्वप्रसिद्धी’ची अट असेल, तर मसुदा आधी छापणं, त्यावर तारीख देणं आणि आलेल्या हरकतींचा विचार करणं शासनावर बंधनकारक असतं. राज्याच्या कायद्यांसाठी हे महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमात सांगितलेलं आहे. केंद्राच्या कायद्यांसाठी २०१४ चं विधिपूर्व विचारविनिमय धोरणही आहे: मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा असं ते म्हणतं. ते धोरण आहे, न्यायालयात ठोकून घेता येईल असा कायदा नाही. तरी पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा.

या सूचना कुठे दिसतात? राजपत्राच्या संकेतस्थळावर, नगरविकास विभागाच्या आणि पालिकेच्या संकेतस्थळावर, आणि वर्तमानपत्रातल्या त्या बारीक टायपातल्या जाहीर नोटिशींत. आमच्या परिसरातल्या चौघांनी वार वाटून घेतले आहेत. सोमवारी एक जण, गुरुवारी दुसरा, दहा मिनिटं बघायचं. एक महिना खूप वाटतो, पण नोटीस आपल्याला दिसेपर्यंत त्यातले बारा दिवस गेलेले असतात.

हरकत लिहिताना अधिसूचनेचा क्रमांक आणि दिनांक पहिल्या ओळीत. मग मसुद्यातला परिच्छेद, तुमचा बदललेला मजकूर आणि कारण. जे पटलं आहे त्यालाही पाठिंबा लिहून द्या. बदलाला विरोध करणारे नेहमी लिहितात. चांगल्या तरतुदीच्या बाजूने फारसं कुणी लिहीत नाही, आणि मग अंतिम मसुद्यातून तीच गळते. पत्राच्या शेवटी ‘सुनावणीची संधी मिळावी’ हे वाक्य विसरू नका.

सुनावणीत पाच ते सात मिनिटं मिळतात. माझ्या वेळी बाकावर बहुतेक जण विकासक आणि वास्तुविशारद होते, सगळे तयारीने आलेले. त्यांच्यातल्या एकाने लहान भूखंडावर रुंद जिना का बसत नाही ते नकाशा काढून दाखवलं, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तुमचंही तसंच मोजमापाचं हवं. एक फोटो, एक आकडा, एक वाक्य. लेखी प्रत पुन्हा तिथेच द्या आणि हजेरीच्या कागदावर सही केलीच पाहिजे. पुढे कधी न्यायालयात जावं लागलं तर ती सही कामाला येते.

आमदार, विधिमंडळ

कायद्यातच दुरुस्ती हवी असेल तर हा रस्ता धरा. आमदारांना भेटायची वेळ अधिवेशनाच्या दोन-तीन आठवडे आधीची: अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी. त्यांच्या हातात तयार मजकूर द्या, कारण त्यांच्याकडे दिवसाला शेकड्याने निवेदनं येतात. तारांकित प्रश्नाने सरकारकडून आकडे बाहेर येतात, लक्षवेधी सूचनेवर मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यात दिलेल्या आश्वासनाची नोंद राहते, अशासकीय विधेयकाने, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेल्या विधेयकाने, तुमचा मजकूर थेट पटलावर येतो. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे. नागरिकाचा अर्ज सदस्यामार्फत तिच्याकडे जाऊ शकतो. स्थानिक प्रश्न असेल तर नगरसेवकाकडून ठरावाची सूचना मांडून घ्या.

मानक ब्युरोकडे

कोडमधलाच तांत्रिक तपशील बदलायचा असेल तर. मानक ब्युरोच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे मानक नवं करण्याचा, सुधारण्याचा किंवा रद्द करण्याचा प्रस्ताव राज्य सरकारं, ग्राहक संघटना, उद्योग, व्यावसायिक संस्था लेखी देऊ शकतात. एकट्या नागरिकाने एखाद्या ग्राहक संघटनेच्या लेटरहेडवरून जावं हे बरं. प्रत्येक मानकाचा पाच वर्षांत किमान एकदा फेरविचार व्हायचा असतो, आणि मसुदे अभिप्रायासाठी संकेतस्थळावर ठेवले जातात. तिथल्या तक्त्यात परिच्छेद क्रमांक, अभिप्राय आणि प्रस्तावित बदल असे रकाने असतात. म्हणजे वर जो एक पानाचा कागद केला तोच इथे इंग्रजीत रकान्यांत भरायचा.

मसुदा अडकला तर

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, मानवनिर्मित आपत्तीत धोका असलेल्या इमारतींच्या अग्निसुरक्षेसाठी शासनाने फेब्रुवारी २००९ मध्ये विशेष नियमांचा मसुदा काढला. तो मसुदाच राहिला. वर्षं गेली, ॲड. आभा सिंह यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि २०२२ मध्येही न्यायालय सरकारला विचारत होतं की हे नियम अंतिम का झाले नाहीत. हरकती देऊन घरी बसणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. दर तीन महिन्यांनी आवक क्रमांक लिहून एक स्मरणपत्र, दर सहा महिन्यांनी माहितीच्या अधिकारात ‘सदर फाइलवरील टिप्पणीची प्रत’. फाइल कोणत्या टेबलावर आहे ते या प्रतीतूनच कळतं.

जनहित याचिका शेवटी. न्यायालय सहसा स्वतः नियम लिहीत नाही. निर्णय घ्या, मुदतीत घ्या, असं सांगतं. पण ते सांगणं फार मोठं असतं. तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत २००४ मध्ये आगीत नव्वदहून अधिक मुलं गेली. त्यानंतरच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरातल्या शाळांना नॅशनल बिल्डिंग कोडमधली सुरक्षा पाळायला लावली. याचिकेला लागणारे कागद म्हणजे तुमचे आवक शिक्के, सुनावणीच्या हजेरीची प्रत, स्मरणपत्रं. ते पहिल्या दिवसापासून एका जाड फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावत चला.

आणि नियम होईपर्यंत आपल्या हातातलं करून टाका. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला, फॉर्म बीची प्रत लिफ्टशेजारी लागली, तिचा फोटो आणि ठरावाची नक्कल मी सूचनेला परिशिष्ट म्हणून जोडली. जे सुचवतोय ते एका इमारतीत चालू आहे, याहून चांगला पुरावा मला मिळाला नसता. ऑगस्टच्या शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भाजी घेऊन आल्या, लिफ्टची वाट बघत उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, आणि सेक्रेटरी काकांना हाक मारून म्हणाल्या, “अहो, हा कागद जानेवारीचा आहे. जुलै होऊन गेला की.”